ताडोबातील वन्यजीव सफारी

ताडोबातील वन्यजीव सफारी म्हणजे महाराष्ट्राच्या चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात, वन विभागाने नेमून दिलेल्या रस्त्यांवरून व ठरावीक वेळेत, उघड्या वाहनातून केली जाणारी वनभ्रमंती होय. प्रत्येक वाहनात स्थानिक मार्गदर्शक व चालक असतात. वाघ हे या सफारीचे मुख्य आकर्षण असून त्यासाठी देशभरातून व परदेशांतूनही पर्यटक येतात. मोठ्या सुट्ट्यांच्या काळात येथील आरक्षण बरेच आधी संपते.

सफारी हा वन्यजीव संवर्धनाला हातभार लावणारा आणि वनालगतच्या गावांना रोजगार देणारा उपक्रम मानला जातो. वाहनांची गर्दी, प्राण्यांना होणारा उपद्रव आणि पर्यटनाच्या लाभाचे वाटप यांवरून त्याच्यावर टीकाही होत आली आहे. यामुळे ताडोबाची सफारी हा सहलीचा विषय असण्याबरोबरच वन्यजीव कायदा, न्यायालयीन आदेश आणि स्थानिक उपजीविका यांच्याशीही निगडित आहे.

शब्द आणि संकल्पना

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेतील असून त्याचा अर्थ प्रवास असा आहे. त्याचे मूळ अरबी ‘सफर’ या शब्दात आहे. हाच शब्द फारसीच्या मार्गाने मराठीतही ‘सफर’ या रूपात रुळला. पूर्व आफ्रिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपीय व अमेरिकी शिकाऱ्यांच्या मोहिमांना सफारी म्हटले जाऊ लागले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची १९०९ ची मोहीम त्यांपैकी विशेष गाजली. पुढे बंदुकीची जागा हळूहळू कॅमेऱ्याने घेतली. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातल्यानंतर तेथे या शब्दाचा ‘वन्यप्राणी पाहण्यासाठीचा प्रवास’ हा अर्थ पक्का झाला.

भारतात ‘सफारी’ हा शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. पहिल्या अर्थी, मुक्त जंगलात जाऊन प्राणी पाहणे म्हणजे सफारी. ताडोबा, पेंच, मेळघाट, कान्हा किंवा रणथंबोर येथील सफारी या प्रकारची आहे. येथे प्राणी दिसेलच अशी हमी नसते. दुसऱ्या अर्थी, कुंपण घातलेल्या विस्तीर्ण जागेत ठेवलेले प्राणी वाहनातून दाखवणे म्हणजे सफारी. मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील व्याघ्र व सिंह विहार आणि २०२१ मध्ये नागपूरजवळ गोरेवाडा येथे सुरू झालेली सफारी ही याची उदाहरणे होत. उत्तराखंडमधील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये दिलेल्या निकालात या दुसऱ्या प्रकारच्या ‘व्याघ्र सफारी’चा विचार केला आहे. या दोन्ही संकल्पनांची गल्लत झाल्यास न्यायालयीन निर्णयांचा चुकीचा अर्थ लावला जाण्याची शक्यता असते.

इतिहास

ताडोबा हे नाव ‘तारू’ किंवा ‘तारोबा’ या गोंड दैवतावरून आले असे सांगतात. लोककथेनुसार तारू हा एका गावाचा प्रमुख होता व वाघाशी झालेल्या झुंजीत तो मृत्युमुखी पडला. त्याचे स्थान ताडोबा तलावाच्या काठी एका वृक्षाखाली असून पौष महिन्यात परिसरातील आदिवासी तेथे दर्शनासाठी येत आले आहेत. म्हणजे वाघ आणि माणूस यांच्या संघर्षाची स्मृती या जंगलाच्या नावातच जपली गेली आहे. ‘अंधारी’ हे नाव या वनातून वाहणाऱ्या अंधारी नदीवरून पडले.

हा प्रदेश चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या गोंड राजांच्या अमलाखाली होता. ताडोबाकडे जाणाऱ्या मुख्य रस्त्यालगत आजही जुने दगडी खांब दिसतात. ते गोंड राजवटीतील असून निरोप पोहोचवण्याच्या व्यवस्थेचा भाग होते असे मानले जाते. ब्रिटिश काळात ही वने शिकारीसाठी प्रसिद्ध होती. १९३५ मध्ये येथे शिकारीस बंदी घालण्यात आली. १९५५ मध्ये ११६.५५ चौ. किमी क्षेत्राला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि १९७३ मध्ये सुरू झालेला व्याघ्र प्रकल्प यांमुळे देशातील व्याघ्र संवर्धनाला निश्चित दिशा मिळाली. १९८६ मध्ये ताडोबालगतच्या ५०८.८५ चौ. किमी क्षेत्रात अंधारी वन्यजीव अभयारण्य घोषित झाले. ही दोन्ही क्षेत्रे मिळून १९९०च्या दशकाच्या मध्यास ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. मेळघाटनंतरचा हा महाराष्ट्रातील दुसरा व्याघ्र प्रकल्प ठरला. २०१० मध्ये सुमारे १,१०० चौ. किमी क्षेत्र बफर म्हणून अधिसूचित करण्यात आले. त्यामुळे सुमारे ६२५ चौ. किमी गाभा क्षेत्रासह प्रकल्पाचे एकूण क्षेत्र १,७०० चौ. किमीहून अधिक झाले.

निसर्ग व प्राणिजीवन

ताडोबाचे जंगल दक्षिण उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी प्रकारात मोडते. साग आणि बांबू यांचे येथे प्राबल्य आहे. ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू, जांभूळ, अर्जुन, पळस हे वृक्षही विपुल आहेत. ताडोबा, कोळसा व तेलिया हे तलाव आणि अनेक लहानमोठे पाणवठे हे येथील जीवसृष्टीचे आधार आहेत. ताडोबा तलावात मगरी आढळतात. पश्चिमेकडील इरई धरणाचा जलाशय प्रकल्पाला लागून असून चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राला त्याच धरणातून पाणी मिळते.

वाघाशिवाय बिबट्या, अस्वल, रानकुत्रा, गवा, सांबर, चितळ, नीलगाय, भेकर, चौशिंगा, रानडुक्कर व वानर हे येथील प्रमुख सस्तन प्राणी आहेत. मोर, तुरेवाला सर्पगरुड, मत्स्यघुबड, स्वर्गीय नर्तक, नवरंग इत्यादी पक्षी सफारीत पाहावयास मिळतात.

अखिल भारतीय व्याघ्र गणनेनुसार महाराष्ट्रातील वाघांची अंदाजित संख्या २००६ मध्ये १०३ होती. ती २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ झाली. या वाढीत चंद्रपूर जिल्ह्याचा वाटा मोठा असून ताडोबा हे त्याचे केंद्र आहे. येथे जन्मलेले वाघ नव्या हद्दीच्या शोधात प्रकल्पाबाहेरील वनांत व शेतशिवारांत पसरतात. म्हणून येथील काही वाघिणी अन्यत्र सोडण्याचा मार्गही अवलंबण्यात आला आहे. २०२४ मध्ये ताडोबातील दोन वाघिणी ओडिशातील सिमिलीपाल व्याघ्र प्रकल्पात नेण्यात आल्या.

सफारीची व्यवस्था

सफारीसाठी गाभा व बफर अशा दोन्ही क्षेत्रांत स्वतंत्र प्रवेशद्वारे आहेत. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी व झरी ही गाभा क्षेत्राची प्रमुख प्रवेशद्वारे होत. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंजा, मदनापूर, पळसगाव, बेलारा इत्यादी ठिकाणांहून बफर क्षेत्रात प्रवेश मिळतो. मोहर्लीला चंद्रपूरहून, तर कोलारा व नवेगावला चिमूरमार्गे जाणे सोयीचे ठरते. नागपूर हे सर्वांत जवळचे मोठे विमानतळ असून चंद्रपूर हे रेल्वेने जोडलेले जवळचे शहर आहे.

दररोज सकाळी व दुपारी अशा दोन फेऱ्या असतात. सूर्योदय व सूर्यास्ताच्या वेळांनुसार त्यांचे वेळापत्रक ऋतुगणिक बदलते. आरक्षण वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून होते आणि आरक्षणातील नाव व ओळखपत्र यांचा मेळ प्रवेशद्वारावर तपासला जातो. एका उघड्या जिप्सीत साधारणतः सहा पर्यटक, मार्गदर्शक व चालक बसतात. प्रत्येक प्रवेशद्वारातून एका फेरीत सोडावयाच्या वाहनांची संख्या ठरलेली असते. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते. पावसाळ्यात, साधारणतः १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात, गाभा क्षेत्रातील पर्यटन थांबवले जाते. बफर क्षेत्रातील काही मार्ग मात्र रस्त्यांची स्थिती पाहून सुरू ठेवले जातात.

ऋतुमान

प्रत्येक ऋतूत जंगलाचे स्वरूप व प्राणी दिसण्याची शक्यता वेगवेगळी असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पावसाळ्यानंतरचे गवत उंच व झाडी दाट असते. पाणी सर्वत्र उपलब्ध असल्याने प्राणी विखुरलेले राहतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी असते. हा काळ स्थलांतरित पाणपक्षी पाहण्यास अनुकूल असतो. फेब्रुवारीपासून पानगळ सुरू होऊन दृष्टीचा पल्ला वाढतो आणि मार्चमध्ये पळसफुलांनी रान रंगून जाते.

एप्रिल-मे हा व्याघ्रदर्शनाचा सर्वाधिक अनुकूल काळ समजला जातो. चंद्रपूर परिसराचे तापमान या दिवसांत ४५ अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याहूनही वर जाते. लहान नाले व डबकी आटतात आणि प्राणी मोजक्या पाणवठ्यांवर एकवटतात. वाघालाही उष्णतेपासून सुटका हवी असते, त्यामुळे तो तासन्‌तास पाण्यात बसून राहतो. पर्यटकांना वाघ सहज दिसण्यामागे अशा रीतीने जंगलातील पाण्याची टंचाई हे कारण असते. वैशाखातील बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करण्याची प्रथाही याच कारणामुळे पडली. आता वाघांचा अंदाज स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या छायाचित्रांतील पट्ट्यांवरून बांधला जातो. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असल्याने ही पद्धत पाऊलखुणांच्या मोजणीपेक्षा अधिक विश्वसनीय ठरली आहे. मचाणावरील रात्र हा आता मुख्यतः निसर्गानुभवाचा कार्यक्रम राहिला आहे.

मार्गदर्शकांचे कौशल्य

सफारीचे यशापयश बऱ्याच अंशी मार्गदर्शकाच्या अनुभवावर अवलंबून असते. बहुतेक मार्गदर्शक प्रकल्पालगतच्या गावांतील असतात. धुळीत उमटलेल्या ठशांवरून प्राणी कोणता, कोणत्या दिशेने व साधारणतः केव्हा गेला याचा ते अंदाज घेतात. ठशांवरून वाहनाची चाके गेलेली असतील, तर ठसे त्या वाहनापूर्वीचे, हे उघड होते. चाकोरीवर उमटलेले ठसे मात्र ताजे समजावयाचे.

धोक्याच्या हाका हा माग काढण्याचा दुसरा आधार आहे. वाघ किंवा बिबट्या दिसताच चितळ, सांबर, भेकर व वानर विशिष्ट आवाज काढून इतरांना सावध करतात. झाडाच्या शेंड्यावरून वानराला दूरचे दिसते, म्हणून त्याची हाक महत्त्वाची असते. चितळ किरकोळ कारणानेही बिचकतो, तर सांबर सहसा खात्री पटल्याशिवाय ओरडत नाही, असा मार्गदर्शकांचा अनुभव आहे. हाक ऐकू आल्यावर इंजिन बंद करून शांत थांबणे ही रूढ पद्धत आहे. पर्यटकांचे मोठ्याने बोलणे या कामात अडथळा ठरते.

जंगल पाहण्याच्या या पद्धतीला मर्यादाही आहेत. वाहन ठरलेल्या रस्त्यापुरतेच फिरते आणि वेळ संपताच परतते. व्यंकटेश माडगूळकर यांचे ‘नागझिरा’ किंवा मारुती चितमपल्ली यांचे वनविषयक लेखन ज्या अनुभवातून आले, तो जंगलात मुक्काम करून, पायी फिरून मिळवलेला होता. आजच्या पर्यटकाला तसा अनुभव गाभा क्षेत्रात घेता येत नाही. तेथे वाहनातून उतरण्यास मनाई आहे.

नियम व न्यायालयीन आदेश

राजस्थानातील सरिस्का येथून वाघ नाहीसे झाल्याचे २००५ मध्ये उघड झाले. त्यानंतर २००६ मध्ये वन्यजीव अधिनियमात दुरुस्ती होऊन राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची स्थापना झाली. याच दुरुस्तीने गाभा व बफर क्षेत्रांना कायदेशीर आधार मिळाला.

गाभा क्षेत्र वाघासाठी राखून ठेवावयाचे असेल, तर तेथे पर्यटन कसे चालते, हा प्रश्न भोपाळचे अजय दुबे यांच्या याचिकेद्वारे सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २४ जुलै २०१२ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन देशभरातील व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन थांबवले. बंदीच्या समर्थकांचे म्हणणे असे होते की, वाहने व निवासस्थाने यांमुळे वाघाच्या प्रजननाच्या जागी शांतता उरत नाही. विरोधकांचे म्हणणे असे की, पर्यटकांचा वावर थांबला तर चोरट्या शिकारीवरील एक नजर कमी होईल आणि स्थानिकांचा रोजगार बुडेल. प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे सादर केल्यावर १६ ऑक्टोबर २०१२ रोजी ही बंदी उठली.

या तत्त्वांनुसार गाभा क्षेत्राच्या कमाल २० टक्के भागातच पर्यटनास मुभा देण्यात आली. वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर आणि दोन वाहनांमध्ये ५० मीटर अंतर राखण्याची अट घालण्यात आली. प्राण्यांना घेरणे, आमिष दाखवणे किंवा खाऊ घालणे यांस मनाई करण्यात आली. बफर क्षेत्रातील पर्यटन वाढवून गाभ्यावरील भार कमी करावा, असेही धोरण ठरले. ताडोबाच्या बफरमध्ये नंतरच्या वर्षांत वाढलेली प्रवेशद्वारे ही या धोरणाशी सुसंगत आहेत.

नियम असूनही त्यांचे पालन हा कायमचा प्रश्न राहिला आहे. वाघ दिसल्याची वार्ता मोबाइलवरून पसरून वाहनांची गर्दी होते, या कारणास्तव ताडोबात २०१८ मध्ये सफारीदरम्यान मोबाइल फोन नेण्यास बंदी घालण्यात आली. विदर्भातीलच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी एका वाघिणीची व तिच्या बछड्यांची वाट सफारीच्या वाहनांनी दोन्ही बाजूंनी अडवली. त्याचे चित्रण प्रसारित झाल्यावर संबंधित चालक व मार्गदर्शकांवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. अशा प्रसंगी शिक्षा चालक व मार्गदर्शकांना होते. मात्र वाहन पुढे घेण्याचा आग्रह अनेकदा पर्यटकांचा असतो, हा मुद्दाही चर्चिला जातो. प्लास्टिक हाही असाच प्रश्न आहे. बफर क्षेत्रातील रामदेगी परिसरात तोंडात प्लास्टिकची बाटली धरलेल्या वाघाचे चित्रण २०२४ मध्ये सर्वदूर पाहिले गेले.

प्रसिद्ध वाघ

वन विभाग प्रत्येक वाघाला सांकेतिक क्रमांक देतो. मार्गदर्शक व छायाचित्रकार मात्र त्यांना नावांनी ओळखतात. माया, वाघडोह, मटकासूर, छोटी तारा, सोनम ही नावे यांतूनच प्रसिद्धीस आली. वाघडोह हा दांडगा नर मे २०२२ मध्ये चंद्रपूरजवळील जंगलात वार्धक्याने मरण पावला. पांढरपौनी परिसरात वावरणारी माया (टी-१२) ही ताडोबातील सर्वाधिक छायाचित्रे निघालेल्या वाघिणींपैकी एक होती. ऑगस्ट २०२३ नंतर ती दिसेनाशी झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सापडलेले अवशेष तिचेच असल्याचे पुढे डीएनए तपासणीतून निष्पन्न झाले.

नावांमुळे पर्यटकांना वाघाविषयी आपुलकी वाटते व संवर्धनाला लोकाश्रय मिळतो. दुसरीकडे, ठरावीक वाघांच्या हद्दीतच वाहने एकवटतात आणि माणसाच्या सवयीचा झालेला वाघ निरुपद्रवी असल्याचा गैरसमज पसरतो. २० नोव्हेंबर २०२१ रोजी कोलारा परिक्षेत्रात व्याघ्र गणनेच्या कामासाठी पायी फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. वाहनातील माणसांकडे दुर्लक्ष करणारा वाघ पायी चालणाऱ्या माणसाशी तसाच वागेल असे नाही, हे या घटनेने अधोरेखित केले.

स्थानिक समाज

गाभा क्षेत्रात पूर्वी बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी, पळसगाव, रानतळोधी अशी गावे होती. त्यांपैकी काहींचे टप्प्याटप्प्याने बाहेर पुनर्वसन झाले. बफर क्षेत्रात मात्र अनेक गावे असून शेती, गुरे व वनोपज यांवर त्यांची गुजराण चालते.

सफारीमुळे या गावांत मार्गदर्शक, वाहनचालक, वाहनमालक, निवासगृहांतील कर्मचारी अशी कामे निर्माण झाली. मार्गदर्शक व जिप्सीचालक म्हणून स्त्रियाही पुढे आल्या आहेत. प्रवेश शुल्काचे उत्पन्न व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे जमा होते आणि त्यातून संवर्धनाची व ग्रामविकासाची कामे केली जातात. गावपातळीवर ग्राम परिस्थितीकीय विकास समित्या कार्यरत आहेत. २०१५ मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून बफर गावांना स्वयंपाकाचा गॅस, पीकसंरक्षण आदींसाठी साहाय्य मिळते. गॅसमुळे सरपणासाठी जंगलात जाण्याचे प्रमाण कमी व्हावे, हा त्यामागील हेतू आहे.

तथापि पर्यटनाचा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही. प्रवेशद्वारालगतच्या गावांना तो अधिक मिळतो, तर आतल्या बाजूच्या गावांपर्यंत तो क्वचितच पोहोचतो. वाघाचा धोका मात्र दोन्हींना आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्यासाठी आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडण्यासाठी गावकरी भल्या पहाटे जंगलात जातात. मोह वेचणारी व्यक्ती खाली वाकलेली असते, तिचे लक्ष जमिनीकडे असते आणि आजूबाजूला झुडपे असतात. वाघाने केलेल्या हल्ल्यांपैकी अनेक अशाच परिस्थितीत झाले आहेत. व्याघ्रदर्शनाचा हंगाम आणि वनोपज गोळा करण्याचा हंगाम एकच असल्यामुळे, ज्या सकाळी जिप्सीतील पर्यटक वाघ दिसावा म्हणून थांबलेले असतात, त्याच सकाळी बफरमधील गावकरी तो दिसू नये अशी आशा धरून मोहाखाली वाकलेले असतात.

मनुष्यहानी, पशुधनहानी व पीकनुकसान यांसाठी शासन अर्थसाहाय्य देते. गावांत प्राथमिक प्रतिसाद दलेही नेमण्यात आली आहेत. वाघांची संख्या वाढवण्यात ताडोबाला आलेले यश टिकवावयाचे असेल, तर सफारीच्या उत्पन्नातील रास्त वाटा हा धोका पत्करणाऱ्या सर्व गावांपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे, असे मत संवर्धन क्षेत्रातील अभ्यासक व कार्यकर्ते मांडत आले आहेत.